स्लॅबवरची कौलं

आमच्या भरडवाडीत भाई तुळसकराच्या घराला दोन छपरं आहेत. खाली सिमेंटचा सपाट स्लॅब, आणि त्याच्यावर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर घातलेली लाल मंगळुरी कौलं. समुद्राकडे जाणारे पर्यटक गाडी थांबवतात, घरासमोर उभे राहून फोटो काढतात आणि काय छान जुनं घर जपलंय म्हणून एकमेकांना सांगतात. मग त्यांच्यातला कोणीतरी गेट उघडून रूम मिळेल का म्हणून विचारतो. भाई नुसती मान हलवतो आणि आत निघून जातो.

माझी भाताची गिरण रस्त्याच्या अलीकडे, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात बघायला मिळतो. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. आता त्या फोटो काढणाऱ्यांचा रागच येतो. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कसं कळणार? ती कौलं पावसासाठी घातलेली नाहीत आणि शोभेसाठी तर अजिबात नाहीत. आपले भाऊ पुन्हा घरी यावेत म्हणून भाईने ती घातली.

भाई तिघांतला थोरला. त्याचं पाळण्यातलं नाव यशवंत, पण ते मतदार यादीतच सापडेल. बाप लवकर गेला, तेव्हा भाईने शाळा सोडून मामाच्या हाताखाली गवंडीकाम धरलं. चिऱ्याच्या भिंती बांधता बांधता त्याने दोन्ही धाकट्यांना शिकवलं. जितेंद्र बोरिवलीला बँकेत लागला, निलेश पुण्यात कारखान्यात. दोघांची लग्नं याच घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात झाली. मांडवाच्या खांबांसाठी खड्डे भाईने स्वतः खणले आणि वाढपात सगळ्यात पुढे तोच होता. त्याला आणि विनीतावहिनींना स्वतःचं मूलबाळ झालं नाही. त्यावर तो कधी बोलला नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही. वर्षभर त्या एवढ्या मोठ्या घरात दोनच माणसं वावरायची, आणि मे महिन्यात शाकारणीला घर भरायचं.

ज्यांनी जन्म फ्लॅटमध्ये काढला त्यांच्यासाठी सांगतो. कौलारू घर दर वर्षी पावसाआधी शाकारावं लागतं. वर्षभरात माकडं उड्या मारून कौलं फोडतात, फणसाची पानं खाचांत अडकून कुजतात, समुद्राचा वारा ओळीच्या ओळी सरकवतो. म्हणून सगळी कौलं खाली उतरवायची, शेवाळ खरवडायचं, पुसायची, फुटकी बाजूला काढायची, कुठे खालची लाकडी रीप कुजली असेल तर बदलायची आणि पुन्हा खालून वर ओळीने लावत जायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एक माणूस वर, एक शिडीवर, एक शिडीखाली, पुसायला दोघंतिघं, रचायला पोरंटोरं. हातोहात कौल खाली येतं आणि तसंच हातोहात वर जातं.

एप्रिलच्या शेवटी भाई दोघांना फोन लावायचा. फोनवर तो एकच वाक्य बोलायचा: "कौलां काढतंय, येवा." खुशाली नाही, हवापाणी नाही, फोन ठेवून मोकळा. आणि ते यायचे. बँकेचा साहेब असो की बायकोचं माहेर, कुणीही त्यांना अडवू शकत नसे. गावच्या घराचं छप्पर उघडं टाकून भाऊ वाट बघतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? उगीच भावाला भेटायला जातो असं सांगून मागितली असती तर साहेबाने रजा दिली नसती, आणि खरं तर ह्यांनी मागितलीही नसती.

त्या दिवसांत तुळसकरांच्या खळ्यात नुसती जत्रा असायची. मीही गिरण दुपारची बंद ठेवून जायचो. भाई वर बसायचा. शिडीवर निलेश, कारण तो अंगाने हलका. जितेंद्र खाली उभा राहून बँकेतल्यासारखे हुकूम सोडायचा आणि काम त्यातल्या त्यात कमी करायचा. निलेशचं तर बोलूच नका. शिडीच्या मधल्या पायरीवर उभा राहून आढ्यावरचा कोना, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसणारं वाकडं कौल, डोक्याला मुकुटासारखा लावायचा आणि दशावतारातल्या राजाच्या आवाजात खालच्या बायकांना दरडावायचा, प्रधानजी, आमच्या राज्यात चहा का मिळत नाही. विनीतावहिनी हसत हसत चहा टाकायला जायच्या. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं, संध्याकाळी भाजलेले काजू. सगळ्यांच्या कोपरापर्यंत लाल माती आणि पोरांच्या तर केसांतसुद्धा. शेवटचा कोना बसला की भाई खाली उतरून नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा, माझी भावंडं जिथे असतील तिथे त्यांना सुखी ठेव म्हणून. आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणायचो.

हे सगळं मोडलं ते एका थट्टेने. एका वर्षी विहिरीवर कौलं धुताना जितेंद्रची बायको विनीतावहिनींना म्हणाली की लोक मेच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि आम्ही इथे कौलं पुसत बसतो. हसतच म्हणाली होती, आणि हातातलं कौल पुसूनही झालं होतं तिचं. पण भाई मागे रहाटाजवळ होता, त्याने ते ऐकलं. त्याच वर्षी निलेशचा शिडीवरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. दोन दिवस पायाला हळद लावून बसला, दुखतंय म्हणून एकदाही बोलला नाही. पण भाईने दोन्ही गोष्टी मनाला लावून घेतल्या. आमच्याकडच्या माणसाची ही खोडच आहे. समोरच्याला विचारायचं नाही, आपणच आतल्या आत ठरवायचं आणि वर त्याला उपकार म्हणायचं.

दिवाळीनंतर त्याने कौलं उतरवली, वासे-आढं काढलं, भिंती वर उचलल्या आणि स्लॅब टाकला. गवंडी तो स्वतःच होता, आंब्याचे दोन हंगामही बरे गेले होते. मी त्याला चिडवलं, भाई, घर कसलं, पाव भाजायची भट्टी बांधतोयस. तो म्हणाला, आता माझ्या भावांनी यायचं आणि पाय पसरून झोपायचं, कोणाला कसलाच त्रास नको. भावांनी फोन करून किती पाठवू म्हणून विचारलं, तर ह्याने एक पैसा घेतला नाही. त्यांनी चार दिवस मदतीला येतो म्हटलं, तर काही गरज नाही म्हणून सांगितलं. हे सांगताना त्याची छाती फुगली होती, मी समोर होतो. जुनी कौलं मात्र त्याने विकली नाहीत. घरामागे भिंतीला लावून नीट रचून ठेवली.

पुढच्या मे महिन्यात वास्तुशांतीला सगळे आले. जेवणं झाली, कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी कोणाला काय करावं कळेना. दुपारी घर असं तापायचं की पंखा गरम वारा फेकायचा. पोरं मोबाइल घेऊन कोपऱ्यात, बायका लवकर तिकीट मिळतं का बघत. निलेश खळ्यात हात मागे बांधून फेऱ्या मारत होता. चौथ्या दिवशी ते सगळे गोव्याला फिरायला गेले आणि तिथूनच परस्पर परतले.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये भाईने फोन केला नाही. काय म्हणून करणार? कौलंच नव्हती. मी त्याला विचारलं, बोलावणार नाहीस का. तो माझ्यावरच खेकसला.

"आपल्याच घराक येवक आमंत्रण लागता काय रे? ते काय पावणे आसत?"

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. बाहेरच्याला बोलवायचं असतं, घरच्याने आपण होऊन यायचं असतं, अशी त्याची समजूत. मग मे आला की तो रोज संध्याकाळी स्वच्छ बनियन घालून गेटजवळच्या पायरीवर बसायचा. विनीतावहिनी फणसाचे गरे काढून ठेवायच्या. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि नंतर तर न येणं हीच रीत झाली.

गणपतीला येत नव्हते का, असं कोणी विचारेल. यायचे की. पण तुळसकरांचा गणपती खालच्या वाडीत मूळ घरी, सगळ्या भावकीचा एकत्र. तिथेच आरती, तिथेच भजन, तिथेच जेवण, दीड दिवसाचं विसर्जन आणि हातात परतीचं तिकीट. भाईच्या घरी एक चहा व्हायचा. भजनाला भाई आणि निलेश मांडीला मांडी लावून बसायचे, निलेश टाळ वाजवायचा, आणि मनातलं दोघेही मनात ठेवून उठायचे. मला त्या दोघांचा अजून राग येतो. तोंड काय फक्त अभंग म्हणायला दिलं होतं देवाने?

दरम्यान आमच्या किनाऱ्यावर नवीन हवा सुटली. मुंबई-पुण्याची माणसं जमिनी घेऊन जुन्या कोकणी घरांच्या धर्तीवर बंगले बांधू लागली. चिऱ्याच्या भिंती उघड्या ठेवायच्या, पडवीला लाकडी खांब लावायचे आणि वर कौलं घालायची. कौलं तर जुनीच हवीत, शेवाळाचे डाग असलेली. ज्यांनी स्लॅबच्या नादात कौलं उकिरड्यावर टाकली होती ते कपाळाला हात लावून बसले. ह्या बंगल्यांत खाली उतरता स्लॅब असतो आणि कौलं त्याच्यावर नुसती बसवलेली असतात. म्हणजे दिसायला आजोबांचं घर, आणि गळायची भीती नाही. भाईसारखा कौलं लावणारा हात आता कमी, त्यामुळे देवगडपासून रेडीपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. तो जायचा, काम करायचा, कोणी कौतुक केलं तर ऐकून घ्यायचा. घरी येऊन आपल्या तापलेल्या स्लॅबखाली बसायचा.

तीन वर्षांपूर्वी निलेश गेला. कारखान्यातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. भाई ओरोसला हायवेवर जाऊन मिळेल त्या गाडीने पुण्याला पोचला. भावाच्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदाच जात होता, तेही असा. परत आल्यावर आठवडाभर तो कामावर गेला नाही. एका संध्याकाळी माझ्या गिरणीत पोत्यावर येऊन बसला आणि म्हणाला की निल्याच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आपल्या घराचं कौल आहे. स्लॅबच्या वेळी रचून ठेवलेल्यातलं एक त्याने पिशवीतून नेलं असणार, कोणाला न सांगता. सांगताना भाईला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस, भुशाने भरलेल्या त्या जागेत धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता. मी गिरण बंद केली आणि त्याच्या शेजारी बसून राहिलो.

त्या दिवशीच त्याने ठरवलं असावं. पुढच्या शिमग्यानंतर वेल्डिंगवाला आला, स्लॅबवर पाइपांचा सांगाडा उभा राहिला. घरामागची कौलं भाईने एकेक पुसून स्वतः लावली. कमी पडली ती कणकवलीकडून आणली. मी विचारलं, स्लॅब गळतो काय. तो म्हणाला, नाय. मग कशाला हा खर्च, तर त्याने पुढचं कौल उचललं. मला वाटलं, बंगले बघून ह्यालाही हौस आली. त्या वर्षी कौलं नवीन लावलेली, तेव्हा शाकारणीचा प्रश्न नव्हता. पुढचा पावसाळा गेला, माकडांनी आपलं काम चोख केलं, आणि गेल्या एप्रिलच्या शेवटी भाईने बोरिवलीला फोन लावला. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, कौलां काढतंय, येवा.

जितेंद्र आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत आला, पण आला. त्याची बायको नातवाला सांभाळायला तिकडेच राहिली. सोबत निलेशची मुलगी तेजस्वी होती. लहानपणी खळ्यात फुटकी कौलं गोळा करून त्यांची भातुकली मांडायची ती पोरगी, आता पुण्यात नोकरी करते. भाईने तिला बघितलं. तो नुसता तिच्या हातातली बॅग घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं होतं, म्हणून शिडी कुठे लावायची ते बघायला मी संध्याकाळी गेलो. सगळे खळ्यात चहा घेत होते. जितेंद्र मान वर करून कौलांकडे बघत होता. बँकेतला माणूस तो, हिशेब लगेच जुळवला. खाली स्लॅब तसाच आहे ना, मग गळणार काय आणि शाकारायचं कशाला, असं त्याने विचारलं. भाई बशीतला चहा फुंकत राहिला. तेव्हा विनीतावहिनी बोलल्या. नवऱ्यासमोरच काय, पण धाकट्या दिरांसमोरही आवाज न चढवणारी बाई ती.

"भावोजी, गळता म्हणान नाय घातल्यानी. तुमी येतलास म्हणान घातल्यानी."

जितेंद्रने काठी बाजूला ठेवली. मग त्याने जे सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. स्लॅब घालताना भाईने दोघांना विचारलं नाही, पैसे घेतले नाहीत, चार दिवस येतो म्हटलं तर नको म्हणाला. दोघांना वाटलं, थोरल्या भावाने न बोलता वाटणी केली. सामायिक घराला दर वर्षी हात लागायचा म्हणून ते त्यांचंही होतं. हात नको झाले तेव्हा घर भाईचं एकट्याचं झालं. निलेश तसं बोललाही होता.

"तुमका आराम गावांदे म्हणान घातलंय मी तो स्लॅब," भाई म्हणाला.

"ह्या तू आमका कधी सांगलंस?" जितेंद्रने विचारलं. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मला वाटलं, एवढ्यावर मिटेल. दोघे भाऊ थोडे रडतील, सकाळी कौलं काढतील. पण तेजस्वी बोलायला लागली. पुण्याची मुलगी, सरळ बोलायची सवय. कोणाला दुखवावं असं तिच्या मनात नव्हतं. तिला वाटलं, भाईकाकांना हे ऐकून बरं वाटेल.

"काका, बाबा दर मेची रजा राखून ठेवायचे. आई म्हणायची, कुठेतरी फिरून येऊ. बाबा म्हणायचे, थांब, भाईचा फोन येईल. जून उजाडला की रजा रद्द करून टाकायचे. गेले त्या वर्षाचीसुद्धा ठेवली होती."

भाईने तिच्याकडे बघितलं. ज्या दिवसांत हा बनियन बदलून गेटवर बसायचा, त्याच दिवसांत निलेश तिकडे फोनची वाट बघत असायचा, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं.

"मगे तेना माका फोन कित्याक नाय केल्यान?"

"मी विचारलं होतं एकदा," तेजस्वी म्हणाली. "ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरी न बोलावता जायचं नसतं."

भाईने चहाची बशी खाली ठेवली, तर ती कपावर आपटून लवंडली. त्याला ते दिसलं नाही. दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या, असं तो दोनदा पुटपुटला. तेजस्वी घाबरली आणि उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तसाच राहिला.

सकाळी शिडी लागली नाही. भाईनेच नको म्हणून सांगितलं. माणसं आली आहेत, आता कौलांना हात कशाला लावायचा, म्हणाला. ते पाच-सहा दिवस राहिले. जेवले, बोलले, दुपारी पडवीत झोपले. तेजस्वीने घावणे करायला शिकून घेतले आणि दोन तव्याला चिकटवून जाळले. निघायच्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो होतो. जितेंद्र गाडीत बसला. तेजस्वी भाईच्या पाया पडली, तेव्हा त्याने तिचे खांदे धरले आणि जे त्याच्या तोंडून जन्मात कोणी ऐकलं नव्हतं ते म्हणाला.

"परत ये गो. काय काम नसला तरी ये."

ती हो म्हणाली. गाडी वळणाआड गेली तरी भाई गेटची कडी धरून उभाच होता. मी म्हटलं, चल आत, ऊन लागतंय. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "इतक्याच म्हणूचा होता रे बाबू. निल्याक म्हणूचा ऱ्हवला."